गंगावन

लेओकादिया मावशीच्या वेण्यांना जोड मी घालून दिला होता.

मी रोपवेवर कामाला आहे. वर एल आल्तोतून खाली ला पास शहरात जे डबे जातात, त्यांच्या तारेच्या दोराची देखभाल आमची टोळी करते. दोर कितीही लांब आणला तरी त्याला गोल फिरायचं असतं, म्हणजे दोन टोकं कुठेतरी एकत्र यावीच लागतात. मग एका टोकाचे पदर उलगडायचे, दुसऱ्याचे त्यात घालायचे आणि लांबवर विणत न्यायचं. नीट जमलं तर हात फिरवूनही जोड सापडत नाही, आणि अख्खी वस्ती त्याला लटकून कामावर जाते. हे मी मावशीला कधीतरी सूप पिताना सांगितलं असेन. नात्याची ती कुणी नाही; तिच्याच घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहते, जेवते बहुतेक तिच्याकडे, आणि कामाबद्दल फार बोलते असं ती म्हणते.

एका रविवारी सकाळी ती जिना चढून वर आली. हातात उशीचा जुना अभ्रा होता.

"रुथ, तुझं ते दोराचं विणकाम केसांवर चालेल का गं?"

अभ्र्यातून तिने दोन वेण्या काढून माझ्या पलंगावर ठेवल्या. लहान मुलीच्या, बारीक, काळ्याभोर. एकीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा अजून शाबूत होता, दुसरीचा कसरीने खाल्लेला.

"कुणाच्या ह्या?"

"माझ्याच. आईच्या ट्रंकेत होत्या." मग गोंडा सारखा करत म्हणाली, "गंगावन घ्यायला बाजारात गेले होते. नायलॉनचं असतं ते. हातात धरलं आणि परत ठेवून दिलं. स्वतःचं असताना नायलॉन कशाला?"

तिचे स्वतःचे केस मानेच्या थोडे खाली येत होते. विरळ, करडे. मी तिला खिडकीशी बसवलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत विणत राहिले. पदर घेतला की ती मान ताठ करायची, शाळेतल्या मुलीसारखी.

"वरती करडे आणि खाली काळे," आरशात बघून ती म्हणाली. "कळेल."

"सगळ्यांचे केस मुळाकडूनच पिकतात, मावशी. असंच दिसतं."

तिने दोन्ही वेण्या पुढे घेतल्या, पुन्हा मागे टाकल्या. त्यांचं वजन मानेवर पडलं तेव्हा तिने डोळे मिटले. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तिला काय हवं होतं ते इथेच सांगते. आमच्या बाजारातल्या विक्रेत्या बायकांचं एक नाचाचं मंडळ आहे. वस्तीच्या देवाच्या उत्सवात पितळी बँडच्या मागे त्या रस्त्यावरून नाचत जातात. सगळ्यांचा एकच रंग, एकच शाल, डोक्यावर गोल टोपी. पहिल्या रांगेत उजव्या टोकाला मावशीच्या आईची, फाकुंदा आजीची जागा होती. आजी गेली त्या वर्षी मंडळाने ती जागा मोकळी ठेवून नाच केला. म्हणजे खरोखर एक माणूस मावेल एवढी फट ठेवून रांग चालली. पुढच्या वर्षी मुलीने तिथे उभं राहायचं, ही मंडळाची रीत. मावशीला ती जागा हवी होती.

अडचण एवढीच की पहिली रांग ही पोयेरा नेसणाऱ्यांची.

पोयेरा म्हणजे आमचा चुण्यांचा, घोट्याच्या वर येणारा, आत दोन-तीन परकर असलेला घागरा. तो नेसणारी बाई आणि न नेसणारी बाई एकाच आईच्या पोटी आलेल्या असल्या तरी दोन वेगळ्या बायका असतात. एकीला दुकानदार 'मॅडम' म्हणतो, दुसरीला 'ए बाई'. लहानपणी तुम्हाला एकदा जे घातलं ते तुम्ही. माझी आई खाणीच्या गावात पोयेरा नेसते, मी पँट घालते. आम्ही दोघी एका बाकावर बसलो तर लोक मला विचारतात, ही तुमच्याकडे कामाला आहे का?

मावशी नऊ-दहा वर्षांपर्यंत छोटा पोयेरा नेसून आईबरोबर बाजारात बसायची. थंडीत गोठवून वाळवलेले काळे बटाटे विकायचा आजीचा धंदा. शेजारी फोर्तुनाता काकूंचं तेच दुकान. दोघी तळ्याकाठच्या एकाच गावच्या, एकाच ट्रकमधून शहरात आलेल्या. आजीने मावशीला खालच्या शहरातल्या शाळेत घालायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की अशा वेषात नको, मुलं हसतात. आजी घरी आली, कात्री काढली, पण तिच्याने होईना. तिने तोंड भिंतीकडे केलं. वेण्या फोर्तुनाता काकूंनी कापल्या. मेंढरं कातरायच्या कात्रीने, कचकन, एकेका घावात.

"मला थंडी वाजली," मावशी सांगायची. "बाकी काही आठवत नाही. मानेला थंडी वाजली."

मग फ्रॉक, मग स्कर्ट, मग दंतवैद्याच्या दवाखान्यातलं टेबल. खालच्या शहरात, पांढरा कोट घालून, नखांना रंग लावून, 'मॅडम, बसा, डॉक्टर आत्ता बोलावतील.' पोयेऱ्याच्या बायका आल्या तर, 'बाई, जरा सावरून बसा, बाकीच्यांना पण बसायचंय.' हे ती स्वतःच सांगायची, आवाज काढून, अगदी तसाच नाकातून. ऐकताना मला हसू यायचं आणि मग ती हसत नाहीये हे लक्षात यायचं.

एकदा आजीची दाढ सुजली. आजी विचारत-विचारत त्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "लेओकादिया, ओळखीच्या आहेत का ह्या?"

मावशी म्हणाली, "आमच्याकडे बटाटे घालतात."

आजीने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांना म्हणाली, "हो तर. मॅडमकडे माझेच बटाटे असतात. फार चांगलं गिऱ्हाईक."

दाढ काढून घेऊन आजी गेली. पुढच्या सोमवारी ती दवाखान्याच्या मागच्या दाराशी पाठीवर गाठोडं घेऊन हजर. गाठोड्यात काळे बटाटे. "मॅडमचा माल आणलाय." त्यानंतर दर सोमवारी. मावशीने घरी सांगून पाहिलं, आई, नको येऊस. आजी म्हणाली, "तू एकदा बोललीस ना? आता ते खरं करून दाखवायला नको का? नाहीतर डॉक्टर म्हणतील, लेओकादिया खोटं बोलते." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मनापासून म्हणाली. पाय सुजेपर्यंत ती येत राहिली आणि मावशी तिच्याकडून मागच्या दाराशी बटाटे घेत राहिली.

आजी गेली. आमच्याकडे वर्ष झालं की काळे कपडे उतरवतात आणि गेलेल्याचे कपडे जाळतात. त्या दिवशी ट्रंक उघडली. वरती पोयेरे, शाली, टोपी. तळाशी हा अभ्रा. फोर्तुनाता काकू आगीपाशी उभ्या होत्या, एकेक कपडा मागत होत्या. मावशीने सगळे दिले, एक विटक्या हिरव्या रंगाचा रोजच्या वापरातला पोयेरा आणि टोपी सोडून.

"ते पण दे," काकू म्हणाल्या.

"हे राहू दे, काकू."

"कशाला? टांगून ठेवायला?"

"नेसायला."

काकूंनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाली ही?" दोन-चार जणी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी तो पोयेरा नेसून कामाला गेली. कुणाला दाखवायचं होतं म्हणून नाही. तिच्याच शब्दांत, "स्कर्टात पाय घालायला गेले आणि वाटलं, हे कुणाचं आहे? इतकी वर्षं मी कुणाचे कपडे घालतेय?" मी तिच्याबरोबर रोपवेपर्यंत चालत गेले. ती वेगळीच चालत होती, हळू, रुंद. गल्लीच्या कोपऱ्यावर तिने पायरी उतरताना दोन्ही हातांनी पोयेरा उचलला, तेव्हा पाववाली ओरडली, "अगं बाई, पाणी साचलंय का तिथे?" पोयेऱ्याच्या बायका तो कधी हाताने उचलत नाहीत, कंबरेच्या हेलकाव्याने तो आपोआप पायरी ओलांडतो. मावशी मोठेपणी हे फक्त पाहत आलेली. तिने हात सोडले आणि पुढच्या पायरीवर अडखळली.

डॉक्टर म्हणाले, "लेओकादिया, कार्निव्हल तर होऊन गेला."

ती म्हणाली, "मी अशीच आहे, डॉक्टर."

त्यांना काढता आलं नाही, हल्ली तसं चालत नाही. त्यांनी तिला आतल्या खोलीत हत्यारं उकळायला बसवलं. पेशंट गोंधळतात म्हणाले. पुढच्या टेबलावर एक नवीन पोरगी आली. एके दिवशी मावशी पाणी प्यायला बाहेर आली, तर ती पोरगी न बघताच म्हणाली, "बाई, जरा सावरून." मावशीने कोट काढून खुंटीला लावला आणि घरी आली.

घरी तिचा नवरा रोमुलो. मिनीबस चालवतो, वाईट माणूस नाही. त्याने तिला आपादमस्तक पाहिलं.

"मी मॅडमशी लग्न केलं होतं," तो म्हणाला.

"मॅडमनेच तुझे मोजे धुतले ना इतकी वर्षं? आता ही धुईल."

"माझ्या बसमध्ये बसू नकोस एवढंच. सोबतचे ड्रायव्हर चिडवतात."

"चालत जाईन."

आणि ती आईच्या जागी बाजारात बसू लागली. हे सोपं गेलं असेल असं वाटतं, पण तिथेच खरा छळ झाला. तिला जमिनीवर पाय दुमडून बसता येईना. ती स्टूल घेऊन गेली. शेजारणी म्हणाल्या, "मॅडम, खुर्ची आणू का?" पाठीला रंगीत कापडाचं गाठोडं बांधायचं सोडून ती खांद्याला पर्स अडकवून आली. तिची टोपी वाऱ्याने उडायची, कारण टोपीला खाली वेण्यांचा आधार लागतो. फोर्तुनाता काकू तिच्याशी मुद्दाम आयमारात, गावाकडच्या भाषेत, बोलायच्या. मावशीला सगळं कळायचं, पण उत्तर तोंडात स्पॅनिशच यायचं. मग काकू दुसरीकडे तोंड करून म्हणायच्या, "बघा, समजतं तिला. कुत्र्यालाही समजतं."

काकू दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. मावशी आजारी पडली तेव्हा तिचा माल त्यांनीच विकून दिला आणि काही न ठेवता आणून दिला. दारातूनच दिला, आत आल्या नाहीत.

आणि हल्ली काळही असा आहे की पोयेऱ्याला भाव आलाय. टीव्हीवर बातम्या देणारी पोयेरा नेसते, कचेरीत साहेबीण पोयेरा नेसते. दुकानं निघालीत, मॉडेल निघाल्यात. ज्या बायकांना पूर्वी चांगल्या हॉटेलात शिरू देत नसत, त्यांचे आता फोटो काढतात. त्यामुळे मावशीबद्दल बाजारात एकच बोललं जायचं: वारं फिरलं तशी ही फिरली. तिला 'ट्रान्सफॉर्मर' म्हणायचे, ते सिनेमात गाडीचा राक्षस होतो तसले. तिच्या पाठीमागे नव्हे, तिच्या तोंडावर.

"ट्रान्सफॉर्मर मावशी, पाव किलो द्या."

ती पाव किलो द्यायची. वर मूठभर जास्त टाकायची, आई टाकायची तशी.

तिचं म्हणणं होतं की एकदा पहिल्या रांगेत उभं राहिलं की हे थांबेल. आईची जागा. तिथे उभी राहिलेली बाई कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून वेण्या, म्हणून तो रविवार, म्हणून माझ्या खिडकीशी बसून काढलेली सकाळ.

पहिला सराव बाजाराच्या मागच्या मैदानात होता. मी गेले होते, मला तिथे काही काम नव्हतं, पण मावशी म्हणाली, "ये. जोड सुटला तर कोण घालणार?" हसत म्हणाली होती. बँडवाले तोंडं पुसत बसले होते. कुणीतरी बिअर उघडली, पहिले थेंब जमिनीला दिले. मावशीने मंडळाचा त्या वर्षीचा जांभळा पोयेरा शिवून घेतला होता. टोपी सरळ, वेण्या पाठीवर, टोकाला काळे गोंडे एकमेकांत बांधलेले. खरं सांगते, ती शोभत होती. हेलकावाही जमू लागला होता तिला. ती पहिल्या रांगेकडे गेली आणि त्या फटीत उभी राहिली.

फोर्तुनाता काकू मंडळाच्या प्रमुख. त्या सावकाश आल्या. सोन्याचा दात, हातात नाचातला खुळखुळा, सत्तरीच्या पुढच्या. रांगेतल्या प्रत्येकीची शाल बघत, टाचणी नीट करत त्या टोकापर्यंत पोचल्या. मावशीच्या मागे गेल्या. एक वेणी हातात घेतली. वरून खाली अंगठा फिरवत गेल्या, आणि जिथे मी पदर संपवले होते तिथे अंगठा थांबला. मला अजूनही वाटतं की दुसऱ्या कुणाला तो जोड सापडला नसता.

त्यांनी खालचा भाग नाकाशी नेला. वास घेतला. लाल गोंडा मावशीने काळ्याच्या आत दडवला होता, तो बोटाने बाहेर काढला. बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी ओळखलं होतं, याबद्दल मला काडीचीही शंका नाही.

"खोटी आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

कुणीतरी शिट्टी वाजवली. "ट्रान्सफॉर्मर!"

मावशी वळली. वेणी काकूंच्या हातातच, त्यामुळे मान तिरकी. "काकू, ही तुम्ही कापली होती."

"म्हणूनच मला माहीत. मीच कापली, म्हणजे कापलेलीच ना?"

"माझे केस आहेत."

"होते."

"आईने जपून ठेवले होते."

"फाकुंदाने काय-काय जपून ठेवलं ते मला नको सांगूस. मी तिच्या शेजारी बसत होते, तू नव्हतीस."

आता कुणी हसत नव्हतं. काकूंनी वेणी सोडली. खुळखुळा काखेत मारला आणि आवाज खाली आणला, पण मैदान इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या दिवशी माझी योला पण तिथेच बसली होती. फाकुंदा म्हणाली, हिच्या पण काप, दोघी बरोबर शाळेत जातील. मी म्हटलं, नाही. माझी मुलगी माझ्यासारखीच दिसेल. योला तशीच शाळेत गेली. बाईंनी तिला मागे बसवलं. पोरं तिच्या वेण्या बाकाला बांधायची. उवा आहेत म्हणून तिच्या डोक्यावर रॉकेल ओतलं एकाने. चौथीत सोडली शाळा तिने. एकदाही म्हणाली नाही, आई, कापून टाक. आणि तू? तू पुढच्या बाकावर होतीस. तू मागे वळून बघायचीस का गं तिच्याकडे?"

मावशीने सुटलेल्या वेणीचा गोंडा मुठीत धरला.

"सांग ना. त्याच वर्गात होतीस."

"नाही बघायचे," मावशी म्हणाली.

"तुझ्या आईने तुला वाचवलं. छान केलं. मी तिला कधी नावं ठेवली नाहीत. पण आता मार खायचे दिवस संपले, आता लोक फोटो काढतात, आणि तू येऊन म्हणतेस मी पण. तेव्हा कुठे होतीस?"

"दवाखान्यात," मावशी म्हणाली. "आईकडून मागच्या दाराने बटाटे घेत होते."

मला वाटलं, आता काकू विरघळतील. त्यांनाही ते बटाट्यांचं माहीत असणार. दर सोमवारी आजीचं दुकान त्याच सांभाळायच्या. त्यांच्या हनुवटीत काहीतरी हललंही. पण त्या म्हणाल्या,

"हे बघ, नाचायचंय ना? नाच. मागची रांग आहे. कॉलेजच्या पोरी असतात, बँकेतल्या असतात, माझी नात गिसेल असते. उत्सवापुरता पोयेरा नेसतात, नायलॉनच्या वेण्या लावतात, नाचतात, संध्याकाळी काढून ठेवतात. कुणी त्यांना काही म्हणतं? त्या कुणाला फसवत नाहीत. तू पण तशी ये. एका दिवसासाठी. मी स्वतः तुझी शाल टाचून देईन."

हे त्या खरंच चांगुलपणाने म्हणाल्या. आपल्या परीने त्या मार्ग काढत होत्या. मागे उभ्या असलेल्या गिसेलने, जी वकिली शिकते, हात हलवून "या ना, मावशी, मज्जा येते," असंही म्हटलं.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"एका दिवसासाठी नको," ती म्हणाली. "मी संध्याकाळी काय काढून ठेवू?"

आणि ती रांगेतून बाहेर आली. बँडवाल्यांना वाटलं सुरू करायचं, त्यांनी सुरू केलं. आम्ही मैदान ओलांडून जाईपर्यंत पितळी आवाज पाठीवर आदळत होता. पायरी आली तेव्हा तिने पोयेरा हाताने उचलला. आता उचलला तरी काय.

घरी येऊन ती खिडकीशी बसली, त्याच जागी.

"काढ."

"उसवायला वेळ लागेल, मावशी. मी घट्ट घातलाय."

"उसवू नकोस. काप. जोडाच्या वरून."

"वरून कापलं तर तुझे पण जातील."

"जाऊ दे. आत अडकलेलं वेगळं काढत बसायला तुला वेळ आहे का? मला नाही."

मी माझी कामाची कात्री आणली. मानेच्या वर, कानाशी आले केस. तिने मानेवरून हात फिरवला.

"थंडी वाजते," ती म्हणाली. बाकी काही नाही.

वेण्या तिने दफनभूमीत नेल्या. आमच्याकडे गेलेल्यांना भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात; आजीचा कोनाडा वरच्या ओळीत आहे, शिडी लावून चढावं लागतं. काचेच्या दारामागे प्लास्टिकची फुलं होती, ती काढून तिने अभ्रा तिथे कोंबला. काच नीट बसेना. तिने तळहाताने जोर लावून बसवली.

मी तिला म्हटलं होतं की दोराला जोड असतो म्हणून त्याला कुणी खोटा म्हणत नाही. शिडी उतरताना ती म्हणाली, "तुझा दोर बोलत नाही गं. तो म्हणाला असता, मी अख्खा आहे, तर त्यालाही लोकांनी तपासलं असतं."

तरीही तिने पोयेरा सोडला नाही. सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. रोमुलोने तर जुना स्कर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता, समजूतदारपणे. तिने त्या स्कर्टाचं फडकं केलं. टोपी आता अजिबात राहत नाही डोक्यावर. वारा आला की ती एका हाताने धरते आणि दुसऱ्या हाताने तराजू. पोयेरा आणि पुरुषासारखे कापलेले करडे केस. असं माणूस आमच्या वस्तीत दुसरं नाही. पोयेऱ्याच्या बायका तिला आपल्यात धरत नाहीत, मॅडम लोक तर नाहीतच. जमिनीवर बसायला मात्र ती शिकली. आता पाय दुमडून दिवसभर बसते.

"बरं वाटतं का आता?" मी एकदा विचारलं.

"बरं?" ती म्हणाली. "बरं वगैरे काही नाही. मला सवय झाली माझी."

यंदाचा उत्सव गेल्या महिन्यात झाला. मिरवणूक बाजाराच्या रस्त्यावरून जाते. सगळी दुकानं बंद असतात, मावशीने आपलं उघडं ठेवलं होतं. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले होते. आधी बँड आला, मग पहिली रांग. पोपटी रंग होता यंदा. फट नव्हती. उजव्या टोकाला, फाकुंदा आजीच्या जागी, गिसेल नाचत होती. पोरीचे पाय छान पडतात. तिच्या वेण्या कंबरेखाली जात होत्या, इतक्या जाड, इतक्या चकचकीत, की लांबूनही नायलॉन कळत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या शेजारी फोर्तुनाता काकू. आमच्यासमोर आल्या तेव्हा त्यांनी खुळखुळा दुसऱ्या हातात घेतला आणि पलीकडच्या बाजूला बघून हसल्या.

मावशी रांग जाईपर्यंत बघत होती. टोपी हाताने धरून. मग तिने पोत्याची कड गुंडाळून खाली केली, बटाटे वर दिसावेत म्हणून.

गर्दीतून एक बाई पुढे आली. स्कर्ट, पर्स, खालच्या शहरातली. ती वाकली, तिने मावशीचे केस पाहिले, मग पोयेरा पाहिला, मग पुन्हा केस. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मॅडम म्हणावं की बाई, ते तिला ठरवता येईना. शेवटी बिचारी हसलीच.

"माफ करा हं... काय म्हणायचं तुम्हाला?"

मावशीने तराजू उचलला.

"किती हवेत ते म्हणा."